एकाच फाइलीत संसार मांडणाऱ्यांशी चार शब्द



आज भांडायचं आहे. कुणा एका माणसाशी नाही, एका सवयीशी. पण सवय माणसंच लावतात आणि माणसंच पोसतात, त्यामुळे थोडे शिंतोडे माणसांवर उडतील. त्याला इलाज नाही.

सवय अशी की आपल्याकडे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं एकाच फाइलीत लिहायला लावतात. वीस ओळींचा प्रोग्रॅम असो नाहीतर दोन हजार ओळींचं 'लायब्ररी मॅनेजमेंट', फाइल एकच. वर हॅश-इनक्लूडांची रांग, खाली पंचवीस-तीस ग्लोबल व्हेरिएबल्स, मग फंक्शनं, आणि तळाशी कुठेतरी मेन. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "अजून नवीन आहेत, गोंधळतील. नोकरीत गेल्यावर शिकतील आपोआप."

माझं म्हणणं बरोबर उलट आहे. प्रोग्रॅम अनेक फाइलींत वाटून लिहिणं ही पुढे कधीतरी शिकायची गोष्ट नव्हे. फंक्शन शिकवून झालं की पुढच्याच आठवड्यात ती शिकवली पाहिजे. ती न शिकवल्यानं मुलांचं जे नुकसान होतं ते नुसतं तांत्रिक नसतं, हे मला आज सांगायचं आहे.

"मराठी शिकवणाऱ्या बाईंना यातलं काय कळतंय?" असं आमच्या नात्यातले दोघं-तिघं आत्ता मनात म्हणत असतील. नेहमी इथे येणाऱ्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. बी.ए. मराठी माध्यमातून, नोकरीची सगळी वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल, आणि नात डिप्लोमाला गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून सी शिकले. पगारासाठी मी कोडची एक ओळही लिहिलेली नाही. पण हा विषय कोडचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे, आणि शिकवण्याबद्दल बोलायचा हक्क मी सोडणार नाही.

परिच्छेद कधी शिकवतात?

पाचवीतल्या मुलाला आपण 'माझी शाळा' हा पंधरा ओळींचा निबंध लिहायला सांगतो आणि त्याचे तीन परिच्छेद पाडायला लावतो. पंधरा ओळींना परिच्छेदांची तशी काय गरज? सलग लिहिलं तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही. तरीही आपण लावतो, कारण तेव्हा निबंध लहान असतो. काय कुठे संपलं आणि नवं काय सुरू झालं, हे मुलाला एका नजरेत दिसतं. "आधी दोनशे पानं सलग लिही, मग परिच्छेद कसे पाडायचे ते सांगते," असं म्हणणाऱ्या बाईंना कुठल्याही शाळेत कुणी उभं करणार नाही. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र नेमकं हेच चालतं, आणि त्याला 'सोपं करून शिकवणं' म्हणतात.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. सी भाषेवरचं कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक (पहिली आवृत्ती १९७८, दुसरी १९८८) आपल्याकडे नाव घेताना सगळे घेतात. त्याच्या चौथ्या प्रकरणात एक छोटा कॅल्क्युलेटर आहे, दोनशे ओळींच्याही आतला. त्या दोघांनी तो तसाच न सोडता मेन.सी, गेटऑप.सी, स्टॅक.सी, गेटसीएच.सी अशा चार फाइली आणि कॅल्क.एच हे एक हेडर, असा वाटून दाखवला आहे. हे भाग बरेच मोठे असते तर आपण काय केलं असतं, असं धरून चालून! प्रोग्रॅम लहान आहे हे त्यांना दिसत होतंच. शिकवायला लहानच बरा म्हणून त्यांनी तो घेतला. आणि हे शेवटच्या प्रकरणात नाही, पॉइंटर आणि स्ट्रक्चर यांच्याही आधी आहे. आमच्याकडे मात्र ती पानं 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणून उलटली जातात.

चौघींची एक फाइल

नातीच्या शेवटच्या वर्षी चार मुलींच्या गटाला एक प्रोजेक्ट होता. सूचना अशी, की पूर्ण प्रोग्रॅम एकाच फाइलीत द्यायचा, म्हणजे तपासायला आणि प्रिंट काढायला सोपं. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगायचं कारणही नाही, कारण अशी सूचना देणारं ते एकटं नाही.

आता चौघींनी एका फाइलीवर काम कसं करायचं? एकीनं लिहायला घेतलं की बाकीच्या तिघी थांबणार. दोघींनी आपापल्या घरी एकाच वेळी बदल केले तर कुणाची फाइल खरी धरायची? मग 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशा नावांच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागल्या. हिचं फंक्शन तिच्या फाइलीत चिकटवायचं, त्यात कुणाचा तरी कंस राहायचा, आणि रात्री साडेअकराला आमच्या हॉलमध्ये रडारड. शेवटी जे सगळीकडे होतं तेच झालं. जिला सगळ्यात चांगलं येत होतं तिनं सगळं लिहिलं. दुसरीनं रिपोर्ट टाइप केला, तिसरीनं स्लाइड्स केल्या, चौथी बाइंडिंग करून घेऊन आली.

ओरलला एक्स्टर्नलनी नेमकं त्या चौथीला विचारलं, "दंड कसा मोजता ते सांग." तिला सांगता येईना. कसं येणार? अठराशे ओळींच्या त्या फाइलीत दंड कुठे मोजलाय हेसुद्धा तिला शोधावं लागलं असतं. घरी जाताना ती नातीला म्हणाली, "मला प्रोग्रॅमिंग जमत नाही हेच खरं." आणि पुढे तिनं ही वाट सोडलीच.

ती मुलगी मठ्ठ नव्हती. तिच्या वाट्याला प्रोग्रॅमचा असा तुकडाच कधी आला नाही, की जो तिचा आहे, जो तिनं एकटीनं घरी बसून लिहायचा आहे, आणि ज्याबद्दल विचारलं तर तिनं ताठ मानेनं सांगायचं आहे. 'तारीख.सी' नावाची ऐंशी ओळींची फाइल तिला दिली असती, दोन तारखांमधले दिवस मोजणारी आणि दंड काढणारी, तर त्या दिवशी तिनं बोलून दाखवलं असतं. नवशिक्यांच्या हातात काम वाटून देण्याचं सगळ्यात साधं माप म्हणजे फाइल. ते माप काढून घेतलं की गटात एक लेखिका उरते आणि तीन हमाल. दर वर्षी आपण अशा किती मुलींना 'तुला जमत नाही' हे शिकवून घरी पाठवतो, याचा हिशेब कोण ठेवतो?

कुणी म्हणेल, गिट वापरलं तर एका फाइलीवरही चौघी काम करू शकतात. शकतात, मान्य. पण ज्यांना गिट शिकवलंय त्या! आणि दोघींनी त्याच ओळी बदलल्या की गिटसुद्धा हात वर करून तुम्हालाच विचारतं. आपल्या मुली व्हॉट्सअ‍ॅपवर होत्या.

'तपासायला सोपं' या कारणाबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. एका रात्रीत साठ-साठ पेपर मीही तपासले आहेत. गठ्ठा जड असतो, डोळे दुखतात, सगळं खरं. म्हणून 'निबंध एकाच परिच्छेदात लिहा, मला मोजायला सोपं पडेल' असं मुलांना सांगायचं का? तपासणाऱ्याच्या सोयीनं शिक्षणाचा आकार ठरायला लागला की ते शिक्षण राहत नाही, गठ्ठा राहतो.

गोंधळ कशाचा होतो?

"मुलं गोंधळतात" हा दुसरा बचाव. हो, गोंधळतात. एकाच्या दोन फाइली केल्या की पडद्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतं, ते दुरुस्त करावं तर 'मल्टिपल डेफिनेशन' येतं, आणि मूल घाबरून परत सगळं एका फाइलीत ओततं. पण हा गोंधळ विषय अवघड असल्याचा नाही. कंपायलर काय करतो आणि लिंकर काय करतो हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्याचा आहे. आणि ते सांगायला एक तास पुरतो. मी नातीच्या मैत्रिणींना सांगितलं ते असं.

कंपायलर एका वेळी एकच सी फाइल बघतो. शेजारच्या फाइलीत काय आहे हे त्याला माहीत नसतं, आणि तो विचारायलाही जात नाही. मेन.सीमध्ये दंड मोजणारं फंक्शन वापरायचं असेल तर त्याला इतकंच सांगावं लागतं, की अशा नावाचं एक फंक्शन आहे, ते दोन तारखा घेतं आणि एक आकडा परत देतं. हे झालं डिक्लरेशन. प्रत्यक्ष फंक्शन, म्हणजे डेफिनेशन, तारीख.सीमध्ये असतं. कंपायलर प्रत्येक सी फाइलीची वेगळी ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि त्या सगळ्या एकमेकींना जोडायचं काम लिंकरचं.

आता शाळेचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. 'तिसरा तास, सातवी ब, भूगोल' हे डिक्लरेशन. बाई वर्गात येऊन फळ्यावर नकाशा लावतात ती डेफिनेशन. वेळापत्रकाच्या प्रती कितीही काढा, वर्गात लावा, स्टाफरूममध्ये लावा, मुलांच्या वह्यांत उतरवा, काही बिघडत नाही. प्रत्येक फाइलीत हेडर इनक्लूड करणं म्हणजे हेच. घंटा झाली आणि वर्गात बाईच नाहीत, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. एकाच तासाला दोन बाई वर्गात शिरल्या, तर 'मल्टिपल डेफिनेशन'. आणि लिंकर म्हणजे घंटा झाल्यावर व्हरांड्यातून फेरी मारणारे मुख्याध्यापक. ते वर्गात काय शिकवलं जातंय हे तपासत नाहीत. प्रत्येक तासाला एक आणि एकच शिक्षक आहे ना, एवढं बघतात.

एवढं सांगितल्यावर त्या मुली एरर वाचून हसायला लागल्या, "आजी, बाई आल्या नाहीत!" म्हणून. घाबरणं संपलं. मग गोंधळतील, गोंधळतील म्हणून वर्षानुवर्षं न शिकवणाऱ्यांना काय म्हणायचं?

साधनांना दोष देऊ नका, हेही सांगते. त्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ वर आपल्याकडच्या मुलांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. त्याच्या वरच्या पट्टीत 'प्रोजेक्ट' असा मेनू सरळ डोळ्यांसमोर होता, अनेक फाइली जोडण्यासाठीच दिलेला. तो किती जणांनी उघडून बघितला? आणि आज जीसीसी वापरत असाल तर एकाच आज्ञेत चारही सी फाइलींची नावं ओळीनं लिहिली की काम झालं. मेकफाइल पहिल्या दिवशी लागत नाही. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये केलं ते बदललेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा कंपाइल व्हाव्यात म्हणून. चार लहान फाइलींना त्याची काही घाई नाही. फाइली वाटल्या की कंपाइल लवकर होतं हा मुद्दाही मी नवशिक्यांसाठी मांडत नाही, कारण त्यांच्या प्रोग्रॅमला तसाही डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच वेळ लागतो.

वाटण्याच्या नावाखाली चालणारे प्रकार

जिथे थोडंफार शिकवतात तिथे अर्धवट शिकवतात, आणि ते जास्त घातक. म्हणून हेही स्पष्ट लिहिते.

एक, हॅश-इनक्लूड करून एका सी फाइलीत दुसरी सी फाइल ओढणं. प्रोग्रॅम चालतो, म्हणून मुलं खूश. पण हॅश-इनक्लूड म्हणजे निव्वळ तो मजकूर तिथे आणून चिकटवणं. कंपायलरच्या दृष्टीनं फाइल पुन्हा एकच झाली. आणि तीच सी फाइल चुकून जोडायच्या यादीतही घातली की प्रत्येक फंक्शन दोनदा.

दोन, हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवणं. हेडर ज्या ज्या फाइलीत जाईल त्या प्रत्येकीत ते नव्यानं तयार होतं. मुलं म्हणतात, "पण वर इफ-एनडेफचा गार्ड लावलाय की!" अरे बाळांनो, तो गार्ड एकाच फाइलीत तेच हेडर दोनदा येऊ नये म्हणून असतो. दोन वेगळ्या फाइलींत ते एकेकदा येणारच, त्याला गार्ड काय करणार? हेडरमध्ये नुसतं 'एक्स्टर्न' म्हणून सांगायचं आणि खरं व्हेरिएबल कुठल्यातरी एकाच सी फाइलीत ठेवायचं. यातली गंमत बघा. सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबल असं दोन फाइलींत आलं, तर जुनं जीसीसी ते गपचूप एकच धरायचं. २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ते बंद झालं आणि एरर येऊ लागली. म्हणून 'लॅबमध्ये चालला, घरी चालत नाही' ही तक्रार. मूल बिचारं घरच्या लॅपटॉपला शिव्या घालतं.

तीन, प्रत्येक फंक्शनाला एक फाइल. चौदा फंक्शनं, चौदा फाइली. हा वाटण्याचा अतिरेक झाला, भाजीतला प्रत्येक जिन्नस वेगळ्या ताटात वाढल्यासारखा.

चार, 'इतर.सी'. घरात एक ड्रॉवर असतो, त्यात दोरा, जुन्या किल्ल्या, सेल आणि लग्नपत्रिका सगळं असतं. ती ही फाइल.

मग वाटायचं कसं?

याचं उत्तर डेव्हिड पार्नस यांनी १९७२ सालच्या एका लेखात देऊन ठेवलं आहे. त्यांनी एकच उदाहरण घेतलं, ओळींमधले शब्द फिरवून फिरवून त्यांची वर्णानुक्रमे सूची करणारा प्रोग्रॅम. तो दोन तऱ्हांनी वाटून दाखवला. एका तऱ्हेत आधी काय, मग काय, या क्रमानं भाग पाडले, म्हणजे फ्लोचार्टच्या चौकटी उचलून त्यांचेच तुकडे केले. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक भागाच्या पोटात एक निर्णय लपवला. माहिती कशी साठवायची हा निर्णय एका भागात, आणि बाकीच्यांना तो कळू द्यायचा नाही. मग त्यांनी विचारलं, उद्या साठवण्याची रीत बदलली तर काय होईल? पहिल्या तऱ्हेत जवळजवळ सगळे भाग उघडावे लागतात, दुसरीत एकच.

तर आपल्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमचं असं होतं. मेन.सीमध्ये फक्त मेनू आणि पडद्यावरची छपाई. पुस्तक.सीमध्ये पुस्तक देणं-घेणं आणि त्याचे नियम. साठवण.सीमध्ये डिस्कवर लिहिणं-वाचणं. तारीख.सीमध्ये दिवस आणि दंड. मेन सोडून प्रत्येकीला एक छोटं हेडर. प्रोग्रॅम अगदीच लहान असेल तर सगळ्यांना मिळून एक हेडरही चालतं. आज डिस्कवर स्ट्रक्चर जसंच्या तसं लिहिलंत आणि उद्या साधी मजकुराची फाइल करावीशी वाटली, तर साठवण.सी उघडा. बाकीच्या तीन फाइलींना पत्ताही लागता कामा नये. ज्या फंक्शनांशी बाहेरच्यांना कर्तव्य नाही त्यांच्यापुढे 'स्टॅटिक' लिहा, म्हणजे ती त्या फाइलीच्या घरातच राहतील.

असं वाटायला बसलं की मुलांना आपोआप एक प्रश्न पडतो, आणि तोच तर मला हवा आहे. "या फाइलीला बाहेरून काय लागतं आणि ती बाहेर काय देते?" एका फाइलीत हा प्रश्न पडतच नाही. ग्लोबल व्हेरिएबल हाताशी असतं, घ्या आणि वापरा. दंड मोजणारं फंक्शन मधेच पुस्तकाचं नाव छापतं, मधेच वापरकर्त्याला तारीख विचारतं. तेच वेगळ्या फाइलीत न्यायला गेलं की सगळे धागे दिसतात. दंड मोजणाऱ्यानं दंड मोजावा आणि आकडा परत द्यावा, छापायचं काम मेनूचं, हे मुलांना व्याख्यान न देता कळतं.

आणि तपासणी! तारीख.सी वेगळी असेल तर दहा ओळींचा दुसरा मेन लिहून ती एकटी चालवून बघता येते. २८ फेब्रुवारी २०२४ ते १ मार्च २०२४ किती दिवस? दोन आले पाहिजेत. २०२३ साली तेच? एक. ३१ डिसेंबर ते १ जानेवारी? एक. एका फाइलीच्या गोधडीत हे करायला दर वेळी मेनूतून जाऊन पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं, तारखा टाइप करायच्या. म्हणून कुणी करत नाही, आणि दंड चुकतो.

माहीतगारांचे आक्षेप

सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या आमच्या पुतण्याशी यावर फोनवर तासभर वाद झाला. त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडते.

तो म्हणाला, "काकू, एसक्यूलाइट एवढं जगभर चालतं, ते एकाच सी फाइलीत येतं. दोन लाखांहून जास्त ओळी!" येतं, खरंय. पण ते लिहिणारे ते तसं लिहीत नाहीत. शंभरहून जास्त वेगवेगळ्या फाइलींत लिहितात आणि वाटताना त्या एकत्र करून एक मोठी फाइल तयार करतात. वापरणाऱ्याला जोडायला सोपं जातं आणि सगळं एकत्र दिसल्यानं कंपायलरलाही कोड जास्त चांगला करता येतो. कादंबरी बांधून एक पुस्तक झाली म्हणून लेखकानं ती प्रकरणांशिवाय लिहिली असं होत नाही.

मग म्हणाला, "आधी एका फाइलीत लिहावं, त्रास व्हायला लागला की वाटावं. आम्ही तेच करतो." तुम्ही करा की! तुम्हाला तो त्रास ओळखता येतो, कारण वाटलेला प्रोग्रॅम कसा असतो हे तुम्ही पाहिलेलं आहे. ज्यानं कधी पाहिलाच नाही त्याला तो त्रास म्हणजेच प्रोग्रॅमिंग वाटतं. शोधत बसणं, वर-खाली करणं, एक बदललं की दुसरं मोडणं, हे असंच असतं अशी त्याची समजूत होते. आणि ज्याला ते सहन होत नाही तो त्या चौथीसारखा निघून जातो.

"विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला एवढं कशाला?" हाही प्रश्न होता. लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं केली तेव्हा तो हेलसिंकीत विद्यार्थीच होता. सुमारे दहा हजार ओळींचा तो कोड. तेव्हाच त्यात बूट, एफएस, कर्नल, एमएम, इनिट अशा वेगळ्या डिरेक्टऱ्या होत्या आणि प्रत्येकीचं काम वेगळं होतं. आपली मुलं कर्नल लिहिणार नाहीत हे मलाही कळतं. पण विद्यार्थी आहे म्हणून एका फाइलीत लिहावं असा काही निसर्गनियम नाही.

"आता पायथन आलंय, हेडरच नाहीत, वाद संपला," असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. पायथनमध्ये फाइल म्हणजेच मॉड्यूल. इंपोर्ट केलं की ती फाइल वरपासून खालपर्यंत चालते. हे न सांगितल्यानं मुलं दुसरी फाइल इंपोर्ट करतात आणि तिच्यातला मेनू अचानक पडद्यावर उभा राहतो. एखादा आपल्या फाइलीला 'रँडम' असंच नाव देतो, आणि मग पायथनचं मूळ रँडम त्याला सापडत नाही, त्याचीच फाइल पुढे येते. भाषा बदलली तरी काय कुठे ठेवायचं हे शिकवावंच लागतं.

आणि हल्ली मुलं एआयला विचारून तीनशे ओळी एका दमात आणतात. आणू देत. पण दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या घरात घ्यायचं तर आपल्या खोल्या आधी ठरलेल्या नकोत का? ज्याला 'मला फक्त साठवणीची फाइल हवी, हे तिचं हेडर' असं सांगता येतं, त्याला आलेलं वाचून तपासताही येतं. ज्याला 'लायब्ररीचा प्रोग्रॅम दे' एवढंच सांगता येतं तो आलेलं जर्नलमध्ये चिकटवतो.

फोरट्रानच्या दुसऱ्या आवृत्तीनं १९५८ साली सबरूटीन वेगळी कंपाइल करायची सोय दिली. तेव्हा मी स्वतः शाळेत पाटीवर लिहीत होते. इतक्या जुन्या गोष्टीला आपण अजून 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणून शेवटच्या युनिटमध्ये ढकलतो आणि ते युनिट वेळ पुरला नाही म्हणून राहून जातं.

माझ्या मागण्या

शिकवणाऱ्यांनो, फार मागत नाही. फंक्शननंतर लगेच एक प्रॅक्टिकल दोन सी फाइली आणि एका हेडरचं ठेवा. जर्नलमध्ये एकाऐवजी तीन छोट्या प्रिंट घ्या. गटाच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाच्या नावावर निदान एक फाइल असलीच पाहिजे असा नियम करा आणि ओरलला त्याला त्याच फाइलीबद्दल आधी विचारा. आणि दोन्ही एरर वर्गात मुद्दाम पाडून दाखवा, मुलांच्या देखत दुरुस्त करा. एक तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिलंय.

असो. बराच वेळ टंकत बसले, पाठ बोलायला लागली.

ता.क. दिवाळीत आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या भाचरांना आणि नातवंडांना: ज्यांचे प्रोजेक्ट चालू आहेत त्यांनी लॅपटॉप घेऊन यायचं. जेवणं झाली की प्रत्येकाची ती लांबलचक फाइल उघडून आपण मिळून वाटणार आहोत. पहिली फाइल तारखांची काढायची, हे मी आत्ताच सांगून ठेवते. चकल्या नंतर मिळतील.